चार्जिंगच्या जागेत डिझेलची गाडी उभी असेल तर हक्क कोणाचा आणि बोलावे कसे?

लातूरहून छत्रपती संभाजीनगरला आईला डॉक्टरांकडे घेऊन निघालेल्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बीडच्या अलीकडे एका ढाब्यावर चार्जिंगसाठी आखलेल्या दोन्ही जागांत डिझेलच्या गाड्या उभ्या होत्या. त्यांच्या गाडीची बॅटरी १४ टक्क्यांवर आली होती आणि मोबाइलवरील अॅप मात्र ते यंत्र मोकळे असल्याचे दाखवत होते. विनंती केल्यावर ‘जेवायलोत ना भाऊ, थांबा जरा’ असे उत्तर मिळाले. गिऱ्हाइकाला ताटावरून कसे उठवायचे, असे म्हणून ढाब्याच्या मालकाने हात वर केले. सव्वा तास तिथेच गेला आणि डॉक्टरांची वेळ चुकली. अशा वेळी नियम काय आहे, भांडण न होता बोलावे कसे आणि पोलिसांना फोन करण्यात काही अर्थ आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी सहा वर्षांपासून मराठवाड्यात चार्जिंगची यंत्रे बसवण्याचे आणि त्यांच्या देखभालीचे काम करतो, आणि तितकीच वर्षे स्वतः विजेची गाडी चालवतो. त्यामुळे ही तक्रार मी गाडीवाल्याकडून ऐकली आहे, ढाबेवाल्याकडून ऐकली आहे आणि ज्याची डिझेलची गाडी तिथे उभी होती त्याच्याकडूनही ऐकली आहे. या अनुभवातून माझे जे मत झाले आहे ते आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. ती जागा विजेच्या गाडीची नसते, ती चार्जिंगच्या कामाची असते. गावाकडे गुरे पाण्यावर नेण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बैल हौदाशी आणायचे, पोटभर पाणी पाजायचे आणि मागे घ्यायचे. दावण हौदाशी कोणी बांधत नाही, मग बैल कोणाचेही असोत. चार्जिंगची जागा हा असाच हौद आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाडीला तिथे काही प्यायचेच नसते, म्हणून तिने तिथे थांबू नये. आणि विजेच्या गाडीचे पिऊन झाले की तिनेही तिथे थांबू नये.

‘बाजूला एवढी मोकळी जागा आहे, तिथे लावा की’ हे वाक्य अशा प्रसंगी हमखास ऐकू येते, आणि बोलणाऱ्याच्या मनात खोट असतेच असे नाही. त्याच्या दृष्टीने पार्किंगची एक जागा दुसरीसारखीच असते. जलद चार्जिंगच्या यंत्राची केबल मात्र साधारण पाच मीटरच्या आसपास असते, आत जाड तांब्याच्या तारा असल्यामुळे ती वजनाला जड आणि वळायला ताठ असते, आणि केबलच्या टोकाची, गाडीला लावायची गन ज्या तोंडात बसते ते तोंड काही गाड्यांना पुढे जाळीपाशी तर काहींना मागच्या चाकाच्या वर असते. यंत्रापासून दोन गाड्या सोडून उभे राहिले की गन पोचत नाही. ती ओढूनताणून पोचवली तर केबलचा सगळा ताण गाडीच्या तोंडावर येतो, आणि तिथली दुरुस्ती स्वस्त नसते. म्हणून वीस गाड्यांच्या मोकळ्या आवारातही चार्जिंगच्या दोन जागा अडल्या की विजेच्या गाडीच्या दृष्टीने ते आवार बंद झालेले असते.

अॅपचा घोटाळा याहून त्रासाचा आहे. अॅपला फक्त गन कळते, जागा कळत नाही. गन खुंटीवर अडकवलेली आहे, कोणत्याही गाडीत नाही आणि यंत्राला वीज आहे, एवढ्या माहितीवर ते यंत्र मोकळे दाखवते. समोर क्रूझर उभी आहे, की उसाच्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर उभा आहे, हे त्याला समजण्याचा काही मार्ग नसतो. म्हणजे साठ किलोमीटर अलीकडे असलेला चालक त्या हिरव्या खुणेवर विसंबून वाटेतले दुसरे यंत्र सोडून पुढे येतो. जागा अडवणाऱ्याला आपण रिकामी जागा वापरली असे वाटते, पण तेवढ्या वेळात कोणीतरी केजहून निघून तिच्या भरवशावर येत असतो. ‘आत्ता तर कोणी नाही’ हे कारण मला पटत नाही ते यासाठी. स्टिअरिंगवर माणूस बसलेला असेल आणि गाडी दिसताच तो ती हलवणार असेल, तेवढीच सवलत मी योग्य मानतो.

आता वेळेचा हिशोब. महामार्गावर छोट्या-मध्यम विजेच्या गाडीला एका युनिटमध्ये साधारण सहा ते सात किलोमीटर मिळतात. तीस किलोवॅटच्या यंत्रावर वीस-बावीस युनिट भरायला पाऊण ते एक तास लागतो. तेवढीच वीज साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर घ्यायची झाली तर सात-आठ तास हवेत. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर गेला की बॅटरी तापू नये म्हणून गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करून घेते, म्हणजे तासाचा सव्वा तास होतो. लातूर ते संभाजीनगर हे अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आहे, आणि तीस युनिटांच्या बॅटरीच्या गाडीला बीडच्या आसपास एकदा थांबावेच लागते. पेट्रोलच्या गाडीला एक पंप बंद सापडला तर दुसरा दहा-पंधरा किलोमीटरवर असतो. आपल्याकडे जलद चार्जिंगचे पुढचे यंत्र चाळीस-पन्नास किलोमीटरवर असू शकते आणि ते चालू असेलच याची खात्री नसते. पुण्या-मुंबईतल्या चालकाला जी गैरसोय होते, ती इथे वाटेतच अडकून पडण्याची वेळ होऊ शकते. प्रश्नकर्त्यांचा संताप मला म्हणूनच रास्त वाटतो.

तरीही, लोक असे का करतात ते समजून घेतल्याशिवाय पुढचा उपाय सापडत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात सोलापूर-धुळे महामार्गावर, बीड आणि गेवराईच्या दरम्यान, मी एका यंत्राच्या तपासणीसाठी दुपारी दोनला पोचलो. यंत्रावर पत्र्याचे शेड होते आणि शेडखाली वऱ्हाडाची क्रूझर दोन्ही जागा व्यापून तिरकी उभी होती. चालक मागच्या सीटवर गमछा तोंडावर घेऊन झोपला होता. मी काचेवर टकटक केली, तो उठला, एक शब्द न बोलता गाडी काढून उन्हात नेऊन लावली आणि परत येऊन माझ्याजवळ उभा राहिला. मी पाटीकडे बोट दाखवले. तो म्हणाला, ‘पाटी पाहिली साहेब, पण इंग्रजीत हाय. मला वाटलं लाइटचं काहीतरी असंल, हात लावू नका म्हणून लिवलं असंल.’ मी पुन्हा त्या पाटीकडे नीट पाहिले. तीन इंग्रजी शब्द होते आणि खाली एक प्लगचे चित्र. ते चित्र पाहून कोणालाही विजेचा धोका आठवावा असेच होते. त्या सबंध आवारात सावली फक्त त्या शेडखाली होती.

या एका प्रसंगात मराठवाड्यातली दोन मुख्य कारणे आली आहेत: सावली आणि न कळणारी पाटी. तिसरे कारण मालकांच्या हौसेत आहे. यंत्र नवे असते, लाखो रुपये घातलेले असतात, म्हणून ते हॉटेलच्या दारासमोर, सगळ्यांना दिसेल असे बसवले जाते. आणि दारासमोरची जागा हीच तर जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला हवी असते. जाणूनबुजून, विजेच्या गाडीवाल्याला अडवायचेच म्हणून गाडी लावणारा माणूस मला सहा वर्षांत दोन-तीनदाच भेटला आहे. अमेरिकेत अशा अडवण्याला ‘आइसिंग’ म्हणतात. इंजिनाला इंग्रजीत जे ‘इंटर्नल कम्बशन इंजिन’ असे नाव आहे त्याच्या आद्याक्षरांवरून तो शब्द पडला आहे, आणि त्याला तिथे द्वेषाचाही वास आहे. आपल्याकडच्या प्रसंगांना तो शब्द लावू नये असे मला वाटते, कारण तो लावला की समोरच्याशी बोलण्याआधीच आपण भांडायला उभे राहतो.

बोलावे कसे, तर समोरच्याला माहीत नाही असे धरून. ‘ही जागा तुमची नाही’ या वाक्याने सुरुवात केली की माणूस ताटावर अधिकच घट्ट बसतो. ‘दादा, ती शेडखालची गाडी तुमची का? माझी बॅटरी संपायलीय, तेवढी वायर तिथंच पोचते, दोन मिनिटं बाजूला घेता का?’ असे म्हटले तर दहापैकी आठजण उठतात, हा माझा अनुभव आहे. यातला ‘वायर तिथंच पोचते’ हा भाग सोडू नका. गाडी हलवण्याचे कारण त्याला पटते ते त्यानेच, कारण मग बाजूच्या मोकळ्या जागेचा मुद्दा आपोआप संपतो. सोबत त्याची गाडी कुठे लावता येईल ती जागा हेरून ठेवावी आणि तीही दाखवावी. वयस्कर माणूस असेल, हात खरकटे असतील, तर ‘किल्ली देता का, मी लावतो’ असे मात्र कधीही म्हणू नये. गाडीला ओरखडा गेला तर वादाला नवे निमित्त मिळते. चालक सापडत नसेल तर गाडीचा नंबर काउंटरवर सांगून पुकारा करायला लावावा. प्रश्नकर्त्यांबरोबर आजारी आई होती. ती गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगायला संकोच करू नये. आपल्याकडे दवाखान्याचे नाव निघाले की पंगतीतला माणूस हात धुवायला उठतो.

काही गोष्टी संतापाच्या भरात केल्या जातात, त्या करू नयेत. आडवी गाडी लावून समोरच्याला कोंडणे, चाकातली हवा सोडणे, काचेवर चिकटपट्टीने चिठ्ठ्या डकवणे, यांत आपली बाजू खरी असूनही तक्रार आपल्यावर येऊ शकते. दुसऱ्या विजेच्या गाडीची गन उपसण्याचा प्रयत्नही करू नये; जलद चार्जिंग सुरू असताना ती कुलूपबंद असते आणि हिसका दिल्याने गाडीचे तोंड बिघडते. ढाब्याच्या स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून गाडी लावणे हे तर सरळ धोक्याचे आहे, कारण तासन् तास पंधरा अँपिअर ओढणाऱ्या गाडीसाठी ती तार बनवलेलीच नसते. मी अशी वितळलेली पिन हातात घेऊन पाहिली आहे.

कायद्याचे विचारले आहे, म्हणून तेही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११७ नुसार वाहनतळाच्या जागा ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांना आहे, आणि जिथे वाहन लावण्यास कायद्याने मनाई आहे तिथून ते हलवण्याचा आदेश गणवेशातील पोलीस अधिकारी कलम १२७ खाली देऊ शकतो. याचा अर्थ असा की शहरातील रस्त्यावर किंवा सार्वजनिक वाहनतळात चार्जिंगची जागा रीतसर ठरवून फलक लावलेला असेल तर वाहतूक पोलिसांना सांगण्यात अर्थ आहे. ढाबा, हॉटेल, पेट्रोल पंप ही खासगी आवारे आहेत. तिथे कोणती गाडी कुठे उभी राहील हे ठरवण्याचा हक्क आणि जबाबदारी दोन्ही मालकाची. त्यामुळे प्रश्नकर्त्यांच्या प्रसंगात मी पोलिसांना फोन केला नसता, मालकाला मात्र सोडला नसता. हात वर करण्याची मुभा त्याला नाही. तो चार्जिंगचे पैसे घेतो, त्याच्या नावाने जागा अॅपवर मोकळी म्हणून दिसते, आणि त्या दिसण्यावर विसंबून माणूस आलेला असतो.

विजेची गाडी कोणती हे ओळखणे आपल्या देशात फार सोपे आहे. २०१८ पासून बॅटरीवरच्या वाहनांना हिरवी नंबरपाटी आहे. खासगी गाडीच्या हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे, भाड्याच्या गाडीच्या हिरव्या पाटीवर पिवळी. इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेल्या हायब्रिड गाडीला ही पाटी मिळत नाही, आणि हायब्रिडवाल्यांचा एक खरा गैरसमज इथे दूर करायला हवा. ‘माझ्याही गाडीत बॅटरी आहे’ असे ते म्हणतात ते खरेच असते, पण आपल्या रस्त्यांवरील बहुतेक हायब्रिड गाड्यांची बॅटरी इंजिन आणि ब्रेक यांच्यावर भरते, तिला गन लावायला तोंडच नसते. त्या गाडीने डिझेलच्या गाडीसारखेच बाहेर उभे राहावे. विजेची स्कूटर आणि रिक्षा यांचा हक्क पूर्ण आहे, मात्र त्यांचे काम कडेच्या सॉकेटवर होते, म्हणून स्कूटर मधोमध न लावता भिंतीकडे लावली की गाडीलाही जागा राहते.

हिरवी पाटी असली की सगळे माफ, असे मात्र नाही, आणि हे मी माझ्या बिरादरीला अधिक जोर देऊन सांगतो. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात चार्जिंगसाठी राखीव जागेत गाडी उभी करण्याची अट अशी आहे की ती चार्जिंगला जोडलेली असली पाहिजे; गाडी विजेची असणे तिथे पुरेसे नाही. मला ही मांडणी फार योग्य वाटते. नवरात्रात तुळजापूरला मी एका यंत्रापाशी पन्नास मिनिटे थांबलो होतो. समोरची गाडी हिरव्या पाटीची होती, चार्जिंग १०० टक्के होऊन थांबलेले होते, आणि मालक दर्शनाच्या रांगेत. रांगेतल्या माणसाला बोलावून आणणे कोणालाही शक्य नसते. डिझेलच्या गाडीने जे केले असते तेच त्या गाडीने केले होते, फरक एवढाच की त्यांना जागेचे महत्त्व माहीत होते. दर्शनाला, लग्नाला, लांबच्या जेवणाला जाताना गाडी यंत्रावर सोडून जाऊ नये. जायचेच असेल तर काचेच्या आत मोबाइल नंबर लिहून ठेवावा आणि फोन उचलावा. दुसरी गोष्ट ८० टक्क्यांची. जलद चार्जिंगचा वेग ८० टक्क्यांनंतर मुद्दाम कमी होतो आणि शेवटच्या वीस टक्क्यांना जवळजवळ आधीच्या साठ टक्क्यांइतका वेळ लागू शकतो. मागे कोणी उभे असेल तर ८० ला गन काढून देणे हाच शिष्टाचार आहे. पुढचा टप्पाच लांबचा असेल, तर मागच्याला तसे सांगून आणखी किती वेळ लागेल ते बोलावे; न बोलता काचा वर करून बसणे मात्र वाईट.

ढाबेवाल्यांना आणि पंपवाल्यांना माझे सांगणे काहीसे लांब आहे, कारण नव्वद टक्के भांडणे त्यांच्या आवारात यंत्र बसवण्याच्या दिवशीच टाळता येतात. यंत्र दारासमोर नको, डीपीच्या बाजूला, आवाराच्या कडेला हवे; केबलचा खर्चही त्याने वाचतो. शेड करायचे तर बाजूला चार साध्या गाड्यांसाठीही सावली करावी, निदान कडुलिंबाची दोन झाडे तरी लावावीत, म्हणजे उन्हातला माणूस चार्जिंगच्या जागेकडे ओढला जात नाही. पाटी मराठीत आणि वाक्यात लिहावी. मी आता प्रत्येक ठिकाणी एकच मजकूर रंगवून घेतो: ‘ही जागा गाडी चार्ज करण्यासाठी आहे. पेट्रोल, डिझेल, सीएनजी गाड्यांनी समोर झाडाखाली थांबावे. चार्जिंग झाल्यावर गाडी काढावी.’ यातल्या मधल्या वाक्याने सर्वाधिक काम केले आहे. नुसता नकार वाचून माणूस पुढे काय करायचे या विचारात तिथेच थांबतो. कुठे जायचे ते सांगितले की तो जातो. जमिनीवर हिरवा पट्टा आणि दोन्ही जागांत एकेक लाल कोन ठेवावा. कोन उचलून गाडी आत घालायला माणसाला खाली उतरावे लागते, आणि उतरल्यावर तो पाटी वाचतो.

गिऱ्हाईक दुखावेल ही मालकाची भीती मी समजू शकतो. त्यासाठी सांगण्याचे काम गाडी आत शिरताना झाले पाहिजे, ताट वाढल्यावर नाही. गेटवरच्या वॉचमनने किंवा पाणी देणाऱ्या पोराने ‘काका, तिकडं सावलीला घ्या’ एवढे म्हटले की कोणाचा मान जात नाही. शिवाय हिशोबही पाहावा. युनिटमागे वीस रुपयांच्या आसपास दर धरला तर एक तास अडलेली जागा म्हणजे वीस-पंचवीस युनिटांची, म्हणजे चार-पाचशे रुपयांची विक्री बुडते, आणि चार्जिंगला थांबलेले कुटुंब तासभर बसून जे खाते-पिते तेही बुडते. एकदा जागा अडलेली सापडलेला चालक अॅपवर तसे लिहितो आणि ते वाचून पुढचे दहाजण तिथे वळत नाहीत.

गृहसंकुलांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. केंद्राच्या आदर्श इमारत नियमावलीत २०१९ मध्ये केलेल्या दुरुस्तीत नव्या इमारतींच्या वाहनक्षमतेपैकी २० टक्के वाहनांसाठी चार्जिंगची तरतूद सुचवलेली आहे, पण जुन्या संकुलात सामायिक यंत्र एकच असते. तिथे पाहुण्यांच्या गाड्या त्या जागेवर लागतात. सभेत ठराव करून ती जागा पाहुण्यांच्या पार्किंगमधून लेखी वगळावी आणि रखवालदाराला तसे सांगावे, एवढ्याने बहुतेक ठिकाणी भागते.

प्रश्नकर्त्यांना पुढच्या तपासणीसाठी पुन्हा याच रस्त्याने जायचे आहे, असे त्यांनी लिहिले आहे. अंबाजोगाई सोडताना त्या ढाब्याला फोन करावा. ‘चार्जर चालू आहे का’ असे विचारले तर आतला माणूस दिवा पाहून ‘चालू आहे’ म्हणेल आणि ते खरेही असेल. ‘चार्जरसमोर आत्ता कोणती गाडी उभी आहे का’ असे विचारावे, म्हणजे त्याला बाहेर जाऊन पाहावे लागेल. मग आपण दीड तासात पोचतो, सोबत आजारी आई आहे, तेवढा एक कोन किंवा खुर्ची त्या जागेत ठेवा, असे सांगावे. उशीर होणार असेल किंवा बेत बदलला तर पुन्हा फोन करून जागा सोडायला सांगावी, कारण तोवर तिथे दुसरी कोणी विजेची गाडी येऊन उभी असेल. आणि बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली जाऊ न देता तिथे पोचावे, म्हणजे सगळे करूनही जागा अडलेली निघाली तर बीड शहरातल्या दुसऱ्या यंत्रापर्यंत जाण्याइतके अंतर गाडीत शिल्लक राहते.